अर्धा गुण

गुलमर्ग
३ जानेवारी १९८२

कालिंदे,

पोचलो एकदाचं! आधी एवढं वाच, श्वास सोड आणि मग पुढचं वाच.

कोल्हापूर स्टेशनात तू प्लास्टरचा पाय बाकावर ठेवून हात हलवत हुतीस, त्याला आज सात दिस झालं. मुंबई, दिल्ली, जम्मू, मग दीड दिसाची बस. शेवटच्या चढाला जीप चढंना. मोहिते सर म्हणाले, "पोरींनो, उतरा. पन्हाळा चढताय न्हवं, मग ह्योबी चढा." अंबू, कबनूरची मंगल आणि मी, पाठीवर वळकट्या, खांद्यावर आपल्या सुतारानं केलेल्या फळ्या, गुडघाभर बर्फातनं निघालो. एका वळणावर झाडं संपली आणि समोर नुसतं पांढरं. मंगल रडायलाच लागली. का रडतीस म्हटलं तर म्हणाली, "लई मोठ्ठं हाय गं."

इथल्या शिकवणाऱ्या साहेबांनी आपल्या फळ्या बघितल्या आणि आधी हसले. मग बोटानं टकटक करून बघितलं, वाकवून बघितलं आणि आणखी दोघांना हाक मारली. "किसने बनाया?" सर म्हणाले, "हमारे यहाँ का बैलगाडीवाला सुतार." आता आमाला खऱ्या स्की दिल्यात. बूट एवढे जड की पाय उचलताना कुणीतरी खालनं धरल्यागत वाटतं.

पन्हाळ्याच्या उतारावर भाताच्या काडाचं पिंजर पसरून आपण घसरत हुतो, ते आठवून हसू येतं. पिंजर थांबवतं गं. बर्फ थांबवतच न्हाई! पयल्या दिवशी मी अठरा वेळा पडलो. अंबू मोजत हुती. तिचं तेवीस झालं, ते मी मोजलं.

आता खरी गोष्ट. स्पर्धा चौदा फेब्रुवारीला. आठ कॉलेजं आल्यात. प्रकार तीन: बर्फाच्या उंचवट्यांवरनं उतरायचं, उडी मारायची आणि संगीतावर बॅले, म्हंजे स्कीवरचा नाच. तिन्हीचे गुण मिळून कॉलेजचा नंबर. उडी मंगलची. आणि काल सरांनी बॅलेसमोर माझं नाव लिवलं. मी म्हटलं, "सर, बॅले कालिंदीचा हाय. मी राखीव गडी. मला उंचवटे द्या, अंबूला बॅले द्या." सर म्हणाले, "कालिंदी हितं हाय काय? आणि अंबूला सरळ उभं ऱ्हाता येतंय काय?"

तुला वाईट वाटंल म्हणून पत्र लिवायला धजत नव्हतो. पण तुला सांगितल्याबिगर मी कसं नाचू? दोरीच्या मल्लखांबावर माझी पकड चुकली की तू खालनं ओरडायचीस. इथं कोण ओरडणार? तेवढं पत्रातनं ओरड.

पाय कसा हाय? खरं सांग.

तुझी
शालन


कोल्हापूर
१० जानेवारी १९८२

प्रिय शालन,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आईने आधी वाचलं आणि म्हणाली, "मुलीची जात असून ही 'पोचलो, पडलो' काय लिहिते?" मी म्हटलं, "तिच्या गावात सगळ्या बायका असंच बोलतात, आणि तिथे आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही." आण्णांनी मात्र शाळेत वर्गावर वाचतात तसं सगळं पत्र मोठ्याने वाचलं. अठरा वेळा पडलीस तिथे थांबले आणि म्हणाले, "अठराही वेळा उठली, हे लिहिलेलं नाही तिने."

पाय बरा आहे. प्लास्टर अजून काही दिवस. मग चालायला लागेन.

बॅले तुला मिळाला याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही, असं मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. वाटलं वाईट. काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं. सहा महिने मी तो मनात बसवत होते, आणि पन्हाळ्याला एका दगडात माझी फळी अडकते काय, घोटा मोडतो काय, सगळं तुझ्याकडे जातं काय! मग दिवेलागणीला कागद घेतला आणि ओरडायला बसले.

सोबत चार पानं आहेत. नीट बघ. वर्तुळ म्हणजे गिरकी, बाण म्हणजे उलटं घसरणं, फुली म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणं. सगळं आठ-आठ मात्रांत बांधलं आहे. शालन, तू उतारावरून येतेस ती घरंगळणाऱ्या धोंड्यासारखी. इथे तसं चालणार नाही. दोरीवरून तू हळूच सुटतेस ना, पोटरीची पकड सोडून पाठीने खाली येताना? तोच जीव इथे आण. हात कानाच्या वर नेऊ नकोस. हनुवटी उचल. खाली बघितलंस की पडलीस.

चौथ्या पानावर लाल शाईने एक जागा दाखवली आहे. तिथे दोन्ही काठ्या बर्फात रोवून, त्यांच्यावर भार देऊन, कोलांटी मारायची आणि उलट्या तोंडाने उतरायचं. ही माझी खास जागा होती. जमली तर घे. नाही जमली तर तिथे साधी गिरकी घाल, कुणाला कळणार नाही.

सरांना नमस्कार. मंगलला सांग, मोठं आहे म्हणून रडायचं नसतं.

तुझी
कालिंदी


गुलमर्ग
२२ जानेवारी १९८२

कालिंदे,

जमली!!

तुझी कोलांटी जमली! काल, चौथ्या दिशी, नऊ वेळा तोंड बर्फात घालून झाल्यावर. दहाव्यांदा काठ्या रोवल्या, डोळं मिटलं, आणि एकदम बघतोय तर मी उभा आणि डोंगर माझ्या पाठीमागनं पळतोय! सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की शिमल्याच्या कॉलेजच्या पोरी घाबरून वळल्या. त्यांच्यात एक जसबीर म्हणून हाय. लई ताकदीची. बॅलेत सगळी तिलाच बघत्यात. तिनं येऊन इचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, कोल्हापुरात एक पोरगी हाय, पाय प्लास्टरात घालून बसलीया, ती पत्रानं शिकवती. तिला खरं वाटंना. तुझी पानं दाखवली. तिनं ती पानं उलटी-सुलटी करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

खरं सांगू काय? सकाळी उतारावर उभं ऱ्हायलं की थंडी कळतच न्हाई. घसरायला लागलं की मला मोठ्यानं हसू येतं. सर म्हणतात, गुण देणारे बघत असतील तवा तोंड मिट.

आता अडचण ऐक. बॅलेला संगीत पायजेच. आणि वेळ बरोब्बर दोन मिनिटं. पाच सेकंद अलीकडं-पलीकडं चालतं, त्याच्यावर गेलं की एक गुण कापत्यात. सगळ्यांच्याकडं इंग्रजी गाण्याच्या टेपा हायत. मी दोन लावून बघितल्या. माझं पायच हालंनात! ते गाणं एकीकडं, तुझ्या मात्रा एकीकडं, मी तिसरीकडं.

मग परवा मी आपली एकटीच घसरत हुतो आणि तोंडानं कुस्तीच्या मैदानातली हलगी म्हणत हुतो, कडाड् कडाड्. आणि कालिंदे, सगळी पानं आपोआप पायात आली! पयल्यापासनं शेवटापतूर!

तवा माझं एवढं काम कर. आण्णांचा टेपरेकॉर्डर हाय. हलगीची दोन मिनिटांची टेप करून धाड. तुझ्याच मात्रा, तुझाच वेग. घड्याळ लावून. रजिस्टर पार्सल कर. आठ दिसांत येतं. दहा तारखेपतूर आली म्हंजे मी चार दिस त्याच्यावर करीन आणि मग बघतो त्या जसबीरला!

तुझी
शालन


कोल्हापूर
३ फेब्रुवारी १९८२

प्रिय शालन,

कोलांटी जमली, अभिनंदन.

हलगीची टेप झाली. ऐक कशी झाली ते. आण्णांनी शिवाजी पेठेतल्या कृष्णात हलगीवाल्यांना निरोप पाठवला. रविवारी सकाळी ते आले, मागोमाग त्यांची हलगी तापवायला म्हणून दोघे आले, आणि आमच्या अंगणात कागद पेटवून हलगी तापवायला लागले. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं आग लागली. मी खुर्चीत बसून हातात घड्याळ धरलं. पहिल्या वेळी कृष्णातदादा थांबेनातच, पाच मिनिटं वाजवलं. दुसऱ्या वेळी आण्णाच नाचायला लागले आणि त्यांचा धक्का लागून टेपरेकॉर्डर पडला. सहाव्या वेळी दोन मिनिटांना बरोबर थाप पडली. मागून माझा आवाज ऐकू येईल, "गिरकी", "उलटी", "आता काठ्या". तो राहू दे, उपयोगी पडेल.

पार्सल आजच रजिस्टरने टाकते आहे.

पाय ठीक. जास्त लिहीत नाही, हात दुखतो आहे.

कालिंदी


तार
गुलमर्ग, ११ फेब्रुवारी

पत्र मिळाले टेप नाही स्पर्धा रविवारी कळव
शालन


तार
कोल्हापूर, १२ फेब्रुवारी

टेप तीन तारखेस टाकली वाट पाहा यश चिंतिते
कालिंदी


गुलमर्ग
१५ फेब्रुवारी १९८२

कालिंदे,

दुसरी! बॅलेत दुसरी! आणि आपलं कॉलेज तिसरं! आठांत तिसरं!

तार करणार हुतो, पण तारेत ही गोष्ट मावणार न्हाई. बस आणि वाच.

टेप आली न्हाई. तुझी तार मिळाली तवा मी खोलीत जाऊन रडलो. तुझा काय दोष न्हाई, तू येळेवर टाकलीस. घाट बंद पडलाय, टपालाची गाडी कुठंतरी अडकलीय असं सगळी म्हणतात. बर्फाला काय कळतंय कुणाचं पार्सल ते.

शनिवारी मंगलनं कुणाची तरी इंग्रजी टेप मागून आणली. त्याच्यावर तीनदा केलं, तीनदा पडलो. तिसऱ्यांदा बर्फात बसूनच ओरडलो, "आयला ह्या गाण्याच्या!" आणि पाठीमागनं आवाज आला, "पावणं, कोल्हापूरचं काय?"

वळून बघतोय तर उतार सारखा करायला लष्कराची मानसं आल्याली. फावडं टेकून एक हवालदार उभा, मिशीला बर्फ चिकटलेला. मी उठून म्हटलं, "व्हय! तुमी?"

"राधानगरीकडचा. जोतीराम. तुजं गाव कुठलं?"

मी सांगितलं. त्यांनी फावडं टाकलं आणि बाकीच्यांना हाका मारल्या, "आरं या रं, आपली लेक हाय!" साताऱ्याचे दोघं, बेळगावकडचे तिघं, सगळी मराठा पलटणीतली. मला वाटलं आता काय काय इचारतील. जोतीरामदादांनी एवढंच इचारलं, "बसून का रडाल्तीस?"

"मी रडत न्हाई."

"बरं, न्हाई. मग काय झालं?"

मी सगळं सांगितलं. टेप, मात्रा, हलगी. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हलगी? एवढंच व्हय?" ताडताड मेसमधी गेले आणि तुपाचा रिकामा डबा घेऊन आले. झाडाच्या दोन काटक्या मोडल्या, एक जाड, एक बारीक. डबा छातीशी धरला आणि सुरू! अगं, कडाड् कडाड्, त्या देवदारांतनं आवाज असा परत याला लागला की अंगावर काटा आला. गावच्या मैदानात ऐकून ऐकून हात बसलेला म्हणाले. मी "आणखी हळू, आणखी हळू" म्हणत तुझी पानं त्यांच्यासमोर धरली. त्यांना पानं कळंनात. मग मी केलं आणि ते माझ्या पायाकडं बघून वाजवत गेले. दिस मावळंपतूर अकरा वेळा केलं.

आता कालची गोष्ट. मंगलची उडी झकास झाली, ती तिसरी. अंबू उंचवट्यांवर एकदा पडली, पण पडल्या पडल्या अशी उठली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बॅले. जसबीर माझ्या आधी. ती काय करती गं! एक चूक न्हाई. मी खाली बघायचं सोडून दिलं.

माझं नाव पुकारलं. मी वर उभा आणि उताराच्या कडंला सहा फौजी, त्यातल्या तिघांच्या छातीशी डबं. मुख्य परीक्षक म्हणजे एक रिटायर कर्नल. त्यांनी इचारलं, "ये क्या है?"

मोहिते सर म्हणाले, "संगीत, साब."

"टेप कहाँ है?"

"साब, नियम में संगीत लिखा है. टेप नहीं लिखा."

कर्नलनी खिशातनं नियमांचा कागद काढला, वाचला, शेजारच्याला दाखवला. मला वरनं काय ऐकू येत नव्हतं, नुसती डोकी हालताना दिसत हुती. मग त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बजाओ!"

कालिंदे, पयली थाप पडली आणि मला पुढचं नीट आठवतच न्हाई. एवढं आठवतंय की मी हनुवटी उचलली. गिरकी झाली, उलटी झाली, एका पायावरनं दुसऱ्यावर गेलो आणि वाटलं दोरी हाताला लागलीय. तुझ्या लाल शाईच्या जागेला आलो. काठ्या रोवल्या. सगळं उलटं झालं, खाली आभाळ, वर बर्फ, आणि मी उतरलो! उभा! एक काठी हातातनं सुटली, जाऊ दे म्हटलं, एका काठीवर पुढं गेलो. लोक उभं ऱ्हाऊन ओरडाय लागले. आणि तिथंच घोटाळा झाला. लोक ओरडाय लागले तसं फौजींना राहवंना. जोतीरामदादांचा हात चढला, बाकीच्यांचा चढला, पैलवान खडाखडीला उतरल्यावर चढती तशी हलगी चढली! मी काय करणार? पाय त्यांच्यामागं पळाले. थांबलो तवा एक मिनिट एकोणपन्नास सेकंद झालेले. अकरा सेकंद आधी.

एक गुण कापला. जसबीर माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं वर.

टेप असती तर बरोब्बर दोन मिनिटांवर थांबलो असतो आणि पयली आलो असतो. पण काय करायचं? जोतीरामदादांना हे कळलं तवा ते डबा घेऊन उभं ऱ्हायले, मान वर करंनात. मी म्हटलं, "दादा, आज जे वाजवलंसा ते टेपेत मावलं नसतं." तवा कुठं हसले.

आणखी एक. पयल्या तिघींना इथंच पंधरा दिसांच्या पुढच्या वर्गाला ठेवून घेतलंय! सर, अंबू, मंगल गुरुवारी निघतात. मी मार्चात येणार, दिल्लीपतूर सोबत हाय. आणि सरांनी परीक्षकांकडनं माझ्या कागदावर लिवून घेतलं: "रचना: कालिंदी". सगळ्यांसमोर वाचलं! मी सगळ्यांच्या पुढं उभा राहून टाळ्या वाजवल्या.

तुझी
शालन


कोल्हापूर
२३ फेब्रुवारी १९८२

प्रिय शालन,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी मोहिते सर घरी आले. आई-आण्णांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझा नाच दुसरा आला." आईने साखर वाटली. मी उठून मागच्या खोलीत गेले. सर म्हणाले, आनंदाने रडते आहे.

शालन, टेप मी तीन तारखेला टाकली नाही. आठ तारखेला टाकली. घाट, बर्फ, टपालाची गाडी यांच्यावर तू जे ढकललंस त्यातलं काहीही खरं नाही. तारेतही मी खोटं लिहिलं.

तीन तारखेला सकाळी पार्सल बांधून तयार होतं. वर तुझं नाव लिहिलं होतं. आण्णा रिक्षा बघायला गेले, आधी दवाखाना आणि मग पोस्ट असं ठरलं होतं. दवाखान्यात प्लास्टर काढलं. हाड वाकडं सांधलं आहे. डॉक्टर म्हणाले चालता येईल, थोडं लंगडत. उड्या नाहीत. दोरी नाही. बर्फ तर नाहीच. मी विचारलं, "पुढच्या वर्षी?" ते कागदावर काहीतरी लिहीत होते, न बघता म्हणाले, "कधीच नाही, बाळ."

बाहेर आलो. आण्णा म्हणाले, पोस्ट? मी म्हटलं, उद्या. दुपारी तुला पत्र लिहिलं, "पार्सल आजच टाकते आहे." लिहिताना मला ठाऊक होतं की मी टाकणार नाही. पार्सल माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलं. रोज कपाट उघडत होते आणि बंद करत होते. मला काय हवं होतं ते मलाच नीट सांगता येत नाही. तू पडावीस असं नव्हतं. पण तू माझ्या मात्रांवर, माझ्या आवाजावर, माझी कोलांटी घेऊन पहिली यावीस हेही मला सोसत नव्हतं. पाचव्या दिवशी आण्णांनी सहज विचारलं, "शालनला पोचली असेल ना गं टेप?" तेव्हा उठले, एकटी लंगडत पोस्टात गेले. उशीर झाला आहे हे कळत असूनही टाकली.

तुझा पहिला नंबर मी घेतला. बर्फाने नाही, त्या जोतीरामदादांनीही नाही. त्यांना हे कळवता आलं तर कळव. ते बिचारे विनाकारण मान खाली घालून उभे राहिले.

तू दुसरी आलीस हे वाचलं तेव्हा आधी मला इतका आनंद झाला की मी दुखऱ्या पायावर उभी राहिले. अर्ध्या गुणाचं वाचलं आणि खाली बसले. दोन्ही खरं आहे.

माफ कर असं लिहीत नाही. तुला वाटेल ते कर. पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मला कळेल.

कालिंदी


गुलमर्ग
२ मार्च १९८२

कालिंदे,

मला ठाऊक हुतं.

टेप सतरा तारखेला आली. सर त्या दिशी हितंच हुते. पार्सल माझ्या हातात पडलं, मी पोस्टाचा शिक्का वाचला. आठ फेब्रुवारी. पुन्यांदा वाचला, वाटलं तीनाचा आठ दिसत असंल. नव्हता. सर म्हणाले, "आली काय शेवटी? कुठं अडकलेली?" मी म्हटलं, घाटात. वरचा कागद फाडून शेगडीत घातला. अंबूला सांगितलं न्हाई, मंगलला न्हाई.

मला एवढा राग आला की त्या दिशी मी उतारावर गेलोच न्हाई. मग ठरवलं, आपण काय लिवायचं न्हाई. बघायचं, ती लिवती का. दहा-बारा दिस मी टपाल आलं की दारात. तू लिवलं नसतंस तर मी तुला जन्मात काय बोललो नसतो. हसलो असतो, कॉलेजात शेजारी बसलो असतो, आणि तुला कळलं बी नसतं की शालन आता इथं न्हाई.

काल पत्र आलं. बाहेर कट्ट्यावर बसून वाचलं. वाचताना तुला दोन-तीन शिव्या घातल्या, मोठ्यानं, जसबीर म्हणाली काय झालं. मग पायाचं वाचलं.

कालिंदे, टेपेचं मी एक वेळ समजून घेईन. तुझ्या जागी मी असतो तर ते पार्सल रंकाळ्यातच फेकलं असतं, ते बी आठ तारखेपतूर थांबलो नसतो. पण पायाचं का लपवलंस? मला बर्फात नाचायला लावून तू तिकडं ते ऐकून आलीस आणि मला लिवलंस "पाय ठीक"? त्याचा राग मला अर्ध्या गुणापेक्षा जास्त हाय. तो अजून गेलेला न्हाई, आणि लवकर जाईल असं वाटत न्हाई.

जोतीरामदादांना मी काय सांगितलं न्हाई. ते आता सगळ्यांना सांगत सुटलेत की त्यांनी गुलमर्गात हलगी वाजवली. त्यांचं सुख कशाला मोडू.

शिकवणारे साहेब तुझी पानं परत देईनात. म्हणाले, ही मुलगी आणखी लिहिते काय? मी म्हटलं, इचारून सांगतो. पुढच्या साली मंगलला बी बॅलेला घ्यायचा त्यांचा इचार हाय. दोघींचं मिळून काय करता येईल ते तू बघ. मला नुसता एक उंचवटा दाखव, मी पळतो. नाच मला अजून तुझ्याबिगर सुचत न्हाई.

परवा एक उतार उतरलो, दीड मैल, न थांबता. वाऱ्यानं डोळ्यांतनं पाणी, कान बधिर, आणि मी आपली ओरडतच सुटलो. खाली आल्यावर वाटलं, हे कुणाला सांगू? तवा तुझंच नाव आलं. त्याला मी काय करू?

नऊ तारखेला सकाळी महालक्ष्मीनं येतो. स्टेशनात ये. आई-आण्णांना आणू नको, एकटी ये. मी आधी भांडणार हाय, हमाल थांबून बघतील असं भांडणार हाय, मधी बोलू नको. माझं सगळं बोलून झालं की रिक्षा करायची न्हाई. तुझ्या पायाला जमंल त्या चालीनं घरापतूर चालत जायचं.

शालन